शिवेपार जाणारा गाडा

(दृश्य: ढाका. रुग्णालयातला लांबलचक वॉर्ड. ओळीनं मांडलेल्या खाटा. प्रत्येक खाटेच्या मधोमध भोक, खाली बादली.)

या खाटेला कॉलरा कॉट म्हणतात. या आजारात माणसाला उठून बसायचंही त्राण उरत नाही, म्हणून खाटेतच भोक ठेवलेलं असतं. खालच्या बादलीत किती पाणी साचलं ते बघायचं आणि तेवढं पाणी शरीराला परत द्यायचं. पिता येत असेल तर मीठ-साखरेचं पाणी, नाहीतर शिरेतून सलाइन. वेळेवर पाणी मिळालं तर शंभरातला एखादाही दगावत नाही. तीव्र आजारात ते मिळालं नाही, तर निम्मी माणसं जातात.

बादलीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसतं. पांढुरकं, पातळ. त्याच्या एका थेंबात लाखो जंतू असतात. पण जंतू तिथे एकटे नसतात. त्यांना फोडून खाणारे विषाणू त्याच थेंबात असतात, आणि जंतूंच्या आत दबा धरून त्या विषाणूंना लुबाडणारं आणखी कुणीतरी असतं. आपली आजची गोष्ट या थेंबातली आहे.

(दृश्य: गावाच्या वेशीबाहेर शेंदूर फासलेला दगड, लिंबाचं झाड, हिरव्या बांगड्या.)

आपल्याकडे या आजाराला पटकी म्हणत. आजी-पणजीच्या तोंडी ही शिवीसुद्धा होती, आणि ती देताना त्यांचा स्वर उतरायचा, कारण पटकीनं एका रात्रीत घर रिकामं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. लाकडी गाड्यात देवीला बसवायचं, वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचं आणि गाडा शिवेपलीकडे सोडायचा. पुढच्या गावानं तो तिथून उचलून त्यांच्या शिवेपार न्यायचा. रोग असा गावोगाव पुढे सरकत राहायचा.

हा गाडा लक्षात ठेवा. जंतूंच्या जगात असेच गाडे फिरतात, आणि त्यांत जनुकं भरलेली असतात.

(दृश्य: सुंदरबन. खारफुटी, ओहोटीचा चिखल, कोळंबीच्या कवचाचं सूक्ष्मदर्शकातलं चित्र.)

कॉलऱ्याचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, मुळात खाडीचा रहिवासी. गोडं आणि खारं पाणी मिसळतं तिथे, कोळंबीसारख्या जिवांच्या कवचाला चिकटून तो राहतो. कवच ज्या कायटिनचं बनलेलं असतं, ते त्याचं अन्न. खाडीतले बहुतेक व्हिब्रिओ माणसाला साथ वगैरे देत नाहीत. मग त्यांच्यातला एक वंश इतका जीवघेणा कसा झाला?

१९५९ साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यावर प्रयोग करून दाखवलं की जंतू गाळून काढला तरी त्याचा द्रव आतड्यात पाणी आणतो. म्हणजे जंतू एक विष सोडतो, आणि माणूस मरतो तो त्या विषानं. कलकत्त्यातल्या साध्या प्रयोगशाळेत झालेलं हे काम आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पुढचं कोडं सुटायला आणखी सदतीस वर्षं गेली. १९९६ साली मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी दाखवून दिलं की या विषाची जनुकं मूळची जंतूची नाहीतच. ती एका विषाणूची आहेत. दोऱ्यासारखा बारीक, जंतूवर जगणारा विषाणू. अशा विषाणूला बॅक्टेरिओफाज किंवा नुसतं फाज म्हणतात. हा दोरीफाज जंतूला मारत नाही. तो आत शिरतो, जंतूच्या गुणसूत्रात स्वतःला शिवून घेतो आणि जंतूबरोबर वाढत राहतो. येताना विषाची जनुकं सोबत आणतो.

आणखी एक गंमत आहे. हा फाज आत शिरतो तो जंतूच्या अंगावरच्या एका विशिष्ट केसाला धरून. याच केसांच्या आधारानं जंतू माणसाच्या आतड्यात ठाण मांडतो. आणि या केसांची जनुकंही त्यानं बाहेरूनच मिळवलेली आहेत. ती गुणसूत्रात वेगळी उठून दिसतात, पाण्यातल्या बेटासारखी. म्हणून अशा तुकड्यांना जनुकबेटं म्हणतात. म्हणजे आधी दाराची कडी उसनी आणली, मग त्या दारातून उसनं विष आत आलं.

(दृश्य: अॅनिमेशन. एक जंतू शेजाऱ्याला भाल्यासारख्या नळीनं भोसकतो. शेजारी फुटतो, त्याचा डीएनए पाण्यात तरंगतो.)

उसनवारीच्या वाटा बऱ्याच आहेत. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटं सुटं कडं. ते एका जंतूतून दुसऱ्यात जातं. फाज जनुकं वाहून नेतात. आणि कायटिनवर बसलेला व्हिब्रिओ तर आणखी पुढे जातो. कायटिनचा वास लागला की त्याच्यात दोन यंत्रणा एकदम जाग्या होतात: शेजाऱ्याला भोसकणारा भाला, आणि बाहेर पडलेला डीएनए आत ओढून घेणारी दोरी. शेजाऱ्याला फोडायचं आणि त्याचं सामान घरी आणायचं. स्वित्झर्लंडमध्ये मेलानी ब्लोकेश यांच्या गटानं २०१५ साली हे दाखवलं.

(दृश्य: मद्रास, १९९२. जुनी छायाचित्रं. रुग्णालयाबाहेरची गर्दी.)

आता गाड्याकडे येऊ. १९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये कॉलऱ्याची वेगळीच साथ सुरू झाली. जंतू कॉलऱ्याचाच होता, पण त्याचं बाहेरचं आवरण बदललेलं होतं. आधी कॉलरा होऊन गेलेल्या मोठ्या माणसांनाही तो गाठत होता, कारण त्यांच्या शरीराला जुनं आवरण ओळखीचं होतं, हे नवं नव्हतं. ओ-१३९ असं त्याचं नाव पडलं. थोड्याच महिन्यांत तो कोलकात्यात आणि बांगलादेशात पोचला.

त्या जंतूवर काही औषधं चालत नव्हती. सल्फामेथॉक्साझोल, ट्रायमेथोप्रिम, स्ट्रेप्टोमायसिन. कारण शोधलं तेव्हा त्याच्या गुणसूत्रात डीएनएच्या सुमारे एक लाख अक्षरांचा एक सलग तुकडा सापडला. त्याला एसएक्सटी म्हणतात. हाच आपला गाडा. एरवी तो गुणसूत्रात मुकाट बसून असतो. वेळ आली की सुटा होतो, त्याचं कडं बनतं, आणि शेजारच्या जंतूशी पूल जोडून त्याची प्रत पलीकडे जाते. मरीआईचा गाडा शिवेपार गेला की मागच्या गावात उरत नसे. हा मात्र मागेही राहतो आणि पुढेही जातो. आज जगभर साथीत सापडणाऱ्या कॉलऱ्याच्या बहुतेक जंतूंत एसएक्सटीच्या कुळातला एखादा गाडा असतोच.

हा गाडा सुटतो कधी? जंतूच्या डीएनएला इजा झाली, त्यानं आतल्या आत धोक्याची घंटा वाजवली, की गाड्याला अडवून ठेवणारं प्रथिन तुटतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सिप्रोफ्लॉक्सासिननंही हे घडतं. हे कॉलऱ्यावर दिलं जाणारं प्रतिजैविक आहे. म्हणजे औषधाच्या माऱ्यातून जे जंतू जगतात, ते जगताजगता औषधाला दाद न देण्याची जनुकं शेजाऱ्यांना वाटत असतात.

(दृश्य: वर्धा जिल्हा. सेवाग्रामकडे जाणारा रस्ता.)

या कुळातल्या एका गाड्याचं नाव आहे इंड-५. इंड म्हणजे इंडिया. तो ज्या जंतूत सापडला, तो आला होता आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून. पुढे भारतातल्या आणि बांगलादेशातल्या साथींत हाच गाडा सगळ्यांत जास्त दिसू लागला. त्याला एवढी बरकत का आली, याचं उत्तर औषधांत मिळत नाही. त्यासाठी फाजकडे वळावं लागतं.

(दृश्य: आग्रा. यमुनेचा काठ. काचेच्या नळ्या, मातीची गाळणी.)

१८९६ साली आग्र्यात अर्नेस्ट हँकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं गंगा-यमुनेचं पाणी घेऊन त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले. जंतू मेले. बारीक गाळणीतून गाळलेल्या पाण्यातही मेले. पाणी उकळलं, तेव्हा मात्र ते जंतू मारेनासं झालं. त्या पाण्यात नेमकं काय होतं, हे त्याला सांगता आलं नाही. एकवीस वर्षांनी, १९१७ साली, फेलिक्स द'एरेल यानं जंतू खाणाऱ्या अदृश्य जिवांना बॅक्टेरिओफाज हे नाव दिलं. त्यानंतर कित्येकांनी हँकिनच्या प्रयोगाकडे मागे वळून पाहिलं.

(दृश्य: पुन्हा ढाका. प्रयोगशाळेतलं शीतकपाट. नमुन्यांच्या कुप्या.)

ढाक्याच्या या रुग्णालयात कित्येक वर्षांचे नमुने जपून ठेवलेले आहेत. अमेरिकेत अँड्र्यू कॅमिली यांच्या प्रयोगशाळेत किम्बर्ली सीड यांनी त्यांतल्या दहा वर्षांच्या नमुन्यांत फाज शोधले. २०११ साली त्यांनी लिहिलं की एक फाज वर्षानुवर्षं सतत सापडतोय. आयसीपी-१. हा दोरीफाजसारखा सालस पाहुणा नव्हे. तो जंतूच्या आवरणाला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, जंतूचा सगळा कारखाना आपल्या कामाला जुंपतो आणि शेवटी जंतू फोडून शेकड्यानं बाहेर पडतो.

मग जंतू संपत का नाही? कारण त्याच्यात आणखी एक पाहुणा बसलेला आहे. पीएलई. जेमतेम अठरा-एकोणीस हजार अक्षरांचा तुकडा. एरवी तो काहीच करत नाही. आयसीपी-१ आत शिरला की मात्र तो खडबडून जागा होतो. त्याला उठवतं ते फाजचंच एक प्रथिन. चोराच्याच चाहुलीनं दारातला कुत्रा जागा व्हावा, तसं.

यापुढचं मी थोडं सावकाश सांगतो, कारण या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

पीएलई गुणसूत्रातून सुटतो आणि फाजच्याच यंत्रणेवर आपल्या प्रती भराभर काढायला लागतो. फाज आपली डोकी बांधायला घेतो, म्हणजे डीएनए ठेवायची पोकळ खोकी. पीएलईचं एक प्रथिन त्या बांधकामात घुसतं आणि खोकी लहान आकाराची बनवून घेतं. त्यात फाजचा लांबलचक डीएनए मावत नाही. पीएलईचा छोटा तुकडा बरोबर मावतो. फाजनं बांधलेल्या घरात पीएलई राहायला जातो. मग तो जंतूला वेळेआधीच फोडतो. जंतू मरतोच, त्याला वाचवायचा प्रश्नच नसतो. पण त्यातून आयसीपी-१ चं एकही पिल्लू बाहेर पडत नाही. आजूबाजूचे लाखो भाऊबंद वाचतात, आणि पीएलईच्या प्रती नव्या घरी जायला मोकळ्या होतात.

ही जंतूची रोगप्रतिकारशक्ती म्हणायची का? जंतूंच्या वस्तीला तिचा फायदा होतो, यात शंका नाही. पण पीएलई हे स्वतःच्या पोटासाठी करतो. त्याला राहायला जंतू हवा, प्रवासाला फाज हवा, आणि फाजनं सगळंच खाल्लेलं त्याला चालत नाही. ही चाल फार जुनी आहे. १९४९ सालच्या जंतूतही पीएलईचा एक प्रकार सापडलाय. त्यानंतर एकामागून एक वेगवेगळे पीएलई साथींत येत-जात राहिले.

आणि आयसीपी-१ गप्प बसला नाही. २०१३ साली सीड, कॅमिली आणि सहकाऱ्यांनी जे प्रसिद्ध केलं, त्यावर अनेकांचा चटकन विश्वास बसला नसेल. क्रिस्पर आपण ऐकलेलं असतं. जंतू जुन्या शत्रूच्या डीएनएचे तुकडे जपून ठेवतात आणि तोच शत्रू परत आला की त्या तुकड्यावरून ओळखून त्याला कापतात. फाजविरुद्ध जंतूंनी घडवलेलं हत्यार. आयसीपी-१ च्या काही वाणांत हेच हत्यार होतं, फाजच्या डीएनएत! त्यानं जपलेले तुकडे पीएलईचे होते. पीएलई जागा झाला की फाज क्रिस्परनं त्याला कापतो आणि आपलं काम पुढे चालवतो. आज साथीत फिरणाऱ्या कॉलऱ्याच्या जंतूकडे सहसा क्रिस्पर नसतं. त्याच्या भक्षकाकडे आहे.

आयसीपी-१ च्या ज्या वाणांत क्रिस्पर नाही, त्यांतल्या काहींकडे त्याच जागी एक साधी कात्री असते. पीएलईच्या प्रती जिथून सुरू होतात, नेमकी ती जागा ती कापते. पीएलईनं ती जागा बदलली, की कात्री निकामी. हे सगळं कुठे चाललंय? एका आजारी मुलाच्या आतड्यात, दोन-तीन दिवसांत.

(दृश्य: अॅनिमेशन. एसएक्सटीचा गाडा उघडतो. आत दोन रंगांचे डबे.)

आता सेवाग्रामच्या गाड्याकडे परत. २०२१ साली सीड यांच्या बर्कलीच्या गटानं दाखवलं की इंड-५ मध्ये औषधप्रतिकाराच्या जनुकांशेजारी दुसरा एक डबा आहे, फाज अडवणाऱ्या ब्रेक्स नावाच्या यंत्रणेचा. ती जंतूच्या डीएनएवर खुणा करून ठेवते आणि खूण नसलेल्या परक्या डीएनएला वाढू देत नाही. इंड-६ या दुसऱ्या गाड्यात त्याच जागी वेगळी हत्यारं आहेत, परका डीएनए कापणारी. साथीत कधी हा गाडा पुढे असतो, कधी तो, आणि त्या बदलाचा संबंध फाजशी चाललेल्या झुंजीशी आहे. आयसीपी-१ नं ब्रेक्सवरही उतारा काढलाय, ऑर्बए नावाचं प्रथिन.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. फाजचा हल्ला झाला की एसएक्सटीचा गाडा जास्त जोरात पलीकडे जातो. त्याच गाड्यात औषधप्रतिकार आहे आणि फाजप्रतिकारही. म्हणून ज्या जंतूवर कुणी कधी प्रतिजैविकाचा थेंबही टाकला नाही, तोसुद्धा फाजपासून बचाव करता करता औषधाला न जुमानणारा होऊ शकतो. औषध निकामी होतं तिथे फाज देऊन उपचार करावेत, असं आज खूप ठिकाणी बोललं जातंय, आणि मीही त्या बाजूचा आहे. पण कॉलऱ्यात ही दोन्ही कुलपं एकाच पेटीला लागलेली आहेत, हे उपचार आखणाऱ्यानं आधी बघायला हवं.

(दृश्य: नकाशा. सुलावेसी, १९६१. तिथून आशिया, आफ्रिका, मग पेरू.)

१९६१ मध्ये इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरून कॉलऱ्याची सातवी जागतिक साथ सुरू झाली. ती अजून संपलेली नाही. या साथीच्या जंतूत दोन नवी जनुकबेटं होती, आधीच्या साथींच्या जंतूंत नसलेली. ती काय करतात, हे बरीच वर्षं धड कळत नव्हतं. आता कळू लागलंय: त्यांत पहारेकरी आहेत.

एका बेटावरची यंत्रणा फाज आल्याचं ओळखते आणि सीजीएएमपी नावाचा छोटा रेणू बनवते. त्या रेणूनं जागं होणारं प्रथिन जंतूचं स्वतःचंच आवरण फाडतं. जंतू फाजला वाढू द्यायच्या आत मरून जातो. हाच रेणू, एका रासायनिक बंधाच्या फरकानं, आपल्या पेशीही बनवतात. आपल्या पेशीत नको तिथे डीएनए दिसला की सीगॅस नावाचं प्रथिन हीच हाक देतं. हे आपल्यात सापडलं २०१२-१३ च्या सुमाराला. इस्रायलमध्ये रोटेम सोरेक यांच्या गटानं २०१९ मध्ये दाखवलं की जंतूंत ती हाक फाजविरुद्ध वाजते. आतड्याची भिंत आणि तिला चिकटलेला जंतू, दोघांच्याही घरात जवळपास एकच घंटा टांगलेली आहे.

दुसऱ्या बेटाची कहाणी प्लाझ्मिडची. इतर आतड्याच्या जंतूंमध्ये औषधप्रतिकार सर्रास प्लाझ्मिडवरून पसरतो. सातव्या साथीच्या कॉलऱ्यात प्लाझ्मिड टिकतच नाही, काही पिढ्यांत नाहीसं होतं. ब्लोकेश यांच्या गटानं २०२२ साली कारण सांगितलं: जनुकबेटांवरच्या दोन यंत्रणा मिळून प्लाझ्मिड हाकलतात. पाहुणा म्हणून आलेली बेटं आता दुसऱ्या पाहुण्यांना दाराशी अडवतात. म्हणूनच कॉलऱ्यात एसएक्सटीसारखे गुणसूत्रात बसून राहणारे गाडे एवढे महत्त्वाचे ठरले असावेत, असं मला वाटतं.

पेरूत १९९१ साली शतकभरानंतर कॉलरा आला आणि त्या एका वर्षात तीन लाखांहून जास्त माणसं आजारी पडली. त्या वंशाच्या जंतूत फाजविरोधी जास्तीच्या अनेक यंत्रणा होत्या, असं आता दिसून आलंय.

(दृश्य: ढाका, वॉर्ड. संध्याकाळ.)

२०२४ साली बांगलादेशातल्या कॉलऱ्याच्या रुग्णांच्या विष्ठेतले फाज आणि जंतू मोजून पाहिले गेले. ज्यांच्यात जंतूंच्या मानानं फाज जास्त होते, त्यांच्या अंगातलं पाणी कमी गेलं होतं. हँकिनच्या काचेच्या नळीत जे दिसलं होतं, ते आता माणसाच्या आत मोजता येतंय.

खाटेवरचा मुलगा आता डोळे उघडतोय. आई चमच्यानं त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजतेय. चमचा, थोडं थांबणं, पुन्हा चमचा. परिचारिका बादली बघते, आकडा लिहिते. बादलीतलं थोडं पाणी एका कुपीत घेते, झाकण घट्ट करते, वर तारीख टाकते. कुपी शीतकपाटात जाते, गेल्या वर्षीच्या कुप्यांशेजारी.